गणेशखिंडीतला दुसरा इतिहास : पेरू, डाळिंब आणि एक सरकारी बाग

१/ गणेशखिंड हे नाव उच्चारले की इतिहासाच्या अभ्यासकाला २२ जून १८९७ ची रात्र आठवते. राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवाचा सोहळा गव्हर्नरच्या बंगल्यावर आटोपून रँड परतत होता आणि याच रस्त्यावर चाफेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. तो बंगला आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. त्याच परिसरात एक बाग होती, अजूनही आहे. ज्या फळांशिवाय महाराष्ट्राची बाजारपेठ ओळखू येणार नाही, त्यांपैकी काहींचा उगम या बागेत आहे. हे सूत्र त्या बागेविषयी.

२/ गणेशखिंडीतील वनस्पती-उद्यान १८७३ साली मुंबई सरकारने उभारले. त्याचे अधीक्षक जॉर्ज मार्शल वुड्रो पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्रही शिकवीत. भारतातील बागकामावरचा त्यांचा ग्रंथ बराच वापरात होता. निवृत्तीनंतर, १९०४ साली, त्यांनी केवळ आंब्याची लागवड आणि आंब्याच्या जाती यांवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले.

३/ वुड्रोंच्या पिढीचे काम प्रामुख्याने नोंदणीचे होते : कोणती जात कुठली, फळ केवढे, कोय कशी, हंगाम कोणता. पुढे १९२१ च्या सुमारास डब्ल्यू. बर्न्स आणि एस. एच. प्रयाग यांनी मुंबई कृषी खात्यातर्फे आंब्यावर एक सविस्तर ग्रंथ सिद्ध केला. प्रयागांचे नाव येथे मुद्दाम ध्यानात ठेवावे. वसाहतकालीन विज्ञानाची कथा फक्त साहेबांची नव्हती, हे अशा मुखपृष्ठांवरून दिसते.

४/ आता शास्त्राचा एक मुद्दा, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. पेरूचे बी पेरले तर आईसारखेच झाड येईल याची खात्री नसते. प्रत्येक रोप थोडे वेगळे निघते. शेतकऱ्याला ही अडचण वाटते; संशोधकाला मात्र हीच संधी असते. शेकडो रोपे लावायची, ती फळाला येईपर्यंत वर्षानुवर्षे थांबायचे, प्रत्येक झाडाचे फळ तपासायचे आणि अखेरीस एकच झाड निवडायचे. यालाच निवड पद्धत म्हणतात.

५/ निवडलेले झाड पुन्हा बियांपासून वाढवले तर सगळे श्रम वाया जातात. म्हणून कलम. पेरूला दाब कलम, डाळिंबाला गुटी, आंब्याला भेट कलम. कलमातून आलेले प्रत्येक झाड हे मूळ झाडाचीच फांदी असते, फक्त दुसऱ्या मातीत रुजलेली. हे वाक्य लक्षात असू द्या. दहाव्या भागात त्याची किंमत मोजायची आहे.

६/ १९२७ साली मुंबई सरकारचे फलोद्यानतज्ज्ञ डॉ. जी. एस. चीमा आणि त्यांचे सहकारी देशमुख यांनी गणेशखिंडीत लखनौहून आलेल्या ‘अलाहाबाद सफेदा’ पेरूच्या रोपांतून एक झाड निवडले. आरंभी ते ‘लखनौ-४९’ या नावाने ओळखले गेले. पुढे त्याचे नाव ‘सरदार’ झाले. बियाणे उत्तरेचे, निवड पुण्याची. आणि ही जात पुढे देशभर पसरली.

७/ १९३६ साली त्याच बागेत चीमांनी ‘आळंदी’ या स्थानिक डाळिंबातून आणखी एक झाड निवडले. आळंदीचा दाणा रसाळ, पण आतले बी फार कठीण. निवडलेल्या झाडाचे बी मऊ होते, दातांखाली बोचत नव्हते. बागेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘जी.बी.जी.-१’ असे रुक्ष नाव मिळाले. ‘गणेश’ हे नाव लाभायला १९७० साल उजाडले. निवड आणि नामकरण यांत चौतीस वर्षांचे अंतर! फळझाडांच्या इतिहासात काळ असा चालतो. राजवट बदलली, राज्याची सीमा बदलली, झाड तेथेच राहिले.

८/ चीमांच्या काळातील आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. १९३२-३३ मध्ये हापूस युरोपात पाठवण्याचे प्रयोग झाले. त्यांच्या अहवालात चीमा आणि दाणी यांनी हापूसच्या एका दोषाचे वर्णन केले. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत गर पांढुरका, पोकळ आणि बेचव निघतो. कोकणात आपण त्याला ‘साका’ म्हणतो. घरी खाताना एखादा आंबा टाकून देता येतो. परदेशी पेटीत मात्र तो एक आंबा साऱ्या मालाची पत घालवतो. बाजार लांबला तशी दोषाची व्याख्याही कडक झाली.

९/ साक्यावर पैदाशीच्या वाटेने तोडगा निघाला तो वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेला ‘रत्ना’ १९८१ साली प्रसारित झाला. त्यात साका नाही. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली ‘सिंधू’ आला, ज्याची कोय अतिशय पातळ असते. तरीही हापूसचे सिंहासन हलले नाही. प्रयोगशाळा दोष दूर करू शकते. जिभेची निष्ठा बदलणे तिच्या हाती नसते.

१०/ डाळिंबाचे मात्र उलट घडले. कमी पाण्याच्या मुलखात ‘गणेश’ रुजला. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि सोलापूर, नाशिक, सांगली, अहमदनगर या जिल्ह्यांत फळबागा वाढल्या. मग बाजाराला लाल रंग हवा झाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘गणेश’चा ‘गुल-ए-शाह रेड’ या गर्द लाल जातीशी संकर करून ‘मृदुला’ आणि २००३ साली ‘भगवा’ दिला. आणि त्याच सुमारास तेल्या आला. जिवाणूजन्य रोग : पानांवर, फळांवर तेलकट डाग, मग फळ तडकते. शेजारची बाग त्याच जातीची, तिच्या शेजारचीही तीच. सगळी एकाच झाडाची भावंडे. एक बळी पडते त्या रोगाला सगळीच बळी पडतात. उभ्या बागा तोडण्याची पाळी अनेक शेतकऱ्यांवर आली. २००५ साली सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याला ही पार्श्वभूमी होती.

११/ म्हणून ‘सुधारित’ हा शब्द इतिहासकाराने जपून वापरावा. सुधारणा कोणासाठी आणि कोणत्या गुणाची, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. १९३६ साली मऊ बी ही सुधारणा होती. २००३ साली लाल रंग आणि टिकाऊ साल ही सुधारणा होती. उद्या रोगाशी झुंजण्याची ताकद हीच सुधारणा ठरेल, आणि ती कदाचित कठीण बियांमुळे आपण मागे टाकलेल्या एखाद्या गावठी झाडात असेल.

१२/ आणखी एक मौन. वाणाच्या नावापुढे संशोधकाचे नाव लागते, क्वचित सहकाऱ्याचे. ज्या माळ्यांनी गुट्या बांधल्या, पाणी घातले, वटवाघळांपासून फळे राखली, त्यांची नावे वाणांच्या इतिहासात येत नाहीत. ‘आळंदी’ जात ज्या शेतकऱ्यांनी आधीच्या पिढ्यांत जोपासली, तेही अनामच. निवड करायला आधी निवडण्याजोगे काही असावे लागते, आणि ते यांनी राखले होते.

१३/ २०२० साली गणेशखिंडीच्या या बागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. शहराने चहूबाजूंनी वेढलेल्या जमिनीला असे संरक्षण लाभणे ही लहान गोष्ट नाही. येथील जुने आंबे केवळ सावलीसाठी उभे नाहीत. ते मातृवृक्ष आहेत. जिवंत दप्तरखाना म्हणा. कागद जळला तर कधीकधी त्याची नक्कल सापडते. जातीचे शेवटचे झाड तोडले तर नक्कल नसते.

१४/ शेवटी वाचकांना एक विनंती. आपल्या गावी, परसात, विहिरीच्या कडेला आळंदी, मस्कत किंवा कोणत्याही जुन्या जातीचे डाळिंब, बिटक्या आंब्याचे किंवा नाव विसरलेल्या पेरूचे झाड असेल तर त्याची नोंद करा : स्थानिक नाव, झाडाचे अंदाजे वय, फळाचा हंगाम, चव, आणि ते कोणी लावले. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. ती नोंद येथे उत्तरादाखल लिहिलीत तर पुढच्या सूत्रात त्यांचे एकत्र संकलन करीन.