ग्लॅडस्टनसाहेबाचं पासबुक

परवा शनिवारी मला खरं तर दादाभाई नौरोजींवर वाचायचं होतं. १८९२ साली ते सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले, एवढं शाळेत वाचलेलं आठवत होतं. ते ज्या लिबरल पक्षाचे होते, त्याचा तेव्हाचा नेता विल्यम ग्लॅडस्टन. म्हटलं, या माणसाबद्दल दहा मिनिटं वाचू आणि मग दादाभाईंकडे वळू. ती दहा मिनिटं रविवारी रात्री संपली.

ग्लॅडस्टन म्हणजे लहान मासा नव्हे. १८३२ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी तो न्यूअर्कमधून निवडून आला आणि मधली एक छोटी फट सोडली तर १८९५ पर्यंत खासदार होता. चार वेळा अर्थमंत्री, चार वेळा पंतप्रधान. इंग्लंडात सरकारच्या मदतीने सगळीकडे शाळा उभ्या करायचा १८७० चा कायदा त्याच्या सरकारचा, गुप्त मतदानाचा १८७२ चा कायदाही त्याच्याच सरकारचा. वाचन अफाट, चर्चची ओढ प्रचंड, सरकारी खर्चाच्या बाबतीत कवडीचुंबक. आपल्याकडचे जुने नेमस्त पुढारी याच्याकडे आशेने बघायचे ते उगीच नाही.

पण मी इंजिनियर माणूस. दोन टेबलं समोर दिसली की जॉईन करून बघायची खाज सुटते. एक टेबल म्हणजे हॅन्सार्ड, पार्लमेंटमधल्या भाषणांची छापील नोंद, जी आता नेटवर फुकट वाचता येते. दुसरं टेबल म्हणजे ब्रिटनने गुलामगिरी बंद करताना मालकांना जी भरपाई दिली तिची यादी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१३ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. (मालकांना भरपाई, गुलामांना नाही. हो, बरोबर वाचलंत.)

जॉईनची की अर्थातच आडनाव. यादीत जॉन ग्लॅडस्टन सापडला. विल्यमचा बाप. लिव्हरपूलचा बडा व्यापारी, स्वतःही काही वर्षं खासदार. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी १८१३ मध्ये मोडल्यावर लिव्हरपूलहून कलकत्त्याला खासगी जहाज पाठवणाऱ्यांत तो पहिला. पण खरा पैसा वेस्ट इंडीज आणि डेमेरारात, म्हणजे आजच्या गयानात. तिथे त्याचे उसाचे मळे होते. तो स्वतः तिथे कधीही गेला नाही. १८२३ मध्ये त्याच्याच 'सक्सेस' नावाच्या मळ्यावर गुलामांचा उठाव सुरू झाला आणि दहा हजारांवर लोक त्यात सामील झाले. उठावातल्या एका पुढाऱ्याचं नाव होतं जॅक ग्लॅडस्टन. मालकाचं आडनाव गुलामाला, अशी तिथली पद्धत.

आता हॅन्सार्ड. १८३३ च्या मे महिन्यात गुलामगिरी बंद करण्यावर चर्चा सुरू झाली. लॉर्ड हॉविक या खासदाराने थेट जॉन ग्लॅडस्टनच्या 'व्रीड-एन-हूप' मळ्याचे आकडे वाचून दाखवले : साखरेचं उत्पादन वाढतंय आणि गुलामांची संख्या घटतेय, म्हणजे माणसं राबवून मारली जातायत. (मळ्याचं नाव डच आहे. अर्थ, शांती आणि आशा.) ३ जूनला उत्तर द्यायला उठला तेवीस वर्षांचा विल्यम. त्याचं सभागृहातलं पहिलं महत्त्वाचं भाषण हे असं, बापाच्या मळ्याच्या बचावाचं. मृत्यू का जास्त, तर म्हणे तिथले गुलाम आधीच वयस्कर होते. गुलामगिरी कधीतरी जावी हे मान्य, पण हळूहळू, आणि मालकांना भरपाई देऊन.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायलाच हवी. या प्रश्नात आपला मोठा, जरी अप्रत्यक्ष असला तरी, आर्थिक संबंध आहे असं त्याने भाषणातच सांगून टाकलं. तेव्हा असं सांगायची कुठलीही लेखी नोंदवही नव्हती. ब्रिटिश खासदारांच्या हितसंबंधांचं रजिस्टर आलं १९७४ च्या ठरावानंतर. म्हणजे पोरगा प्रामाणिक होता. आणि मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग तोच आहे.

कायदा झाला. मालकांसाठी दोन कोटी पौंड बाजूला काढले गेले. त्यातले १,०६,७६९ पौंड २,५०८ माणसांच्या बदल्यात जॉन ग्लॅडस्टनला. मी भागाकार केला. माणशी साडेबेचाळीस पौंड. कॅल्क्युलेटर बंद करून चहा करायला उठलो.

गुलाम तरी लगेच मोकळे झाले का? नाही. 'उमेदवारी' नावाची आणखी काही वर्षांची सक्तीची मजुरी त्यांच्यावर लादली. ती लवकर संपवावी असा प्रस्ताव १८३८ मध्ये आला, तेव्हा ३० मार्चला विल्यम पुन्हा उठला आणि मळेवाल्यांच्या बाजूने लांबलचक बोलला. प्रस्ताव पडला.

आता इथे जरा थांबा, कारण इथून गोष्ट आपल्याकडे येते. ही उमेदवारी आज ना उद्या संपणार हे बापाने आधीच ओळखलं होतं. जानेवारी १८३६ मध्ये त्याने कलकत्त्याच्या गिलँडर्स, आर्बथनॉट कंपनीला पत्र टाकलं : तरुण, धडधाकट मजूर मिळतील का? कंपनीचं उत्तर आलं की जरूर मिळतील; या लोकांना आपण कुठे चाललोय आणि प्रवास किती लांबचा आहे याची काहीच कल्पना नसते. छोटा नागपूरकडच्या डोंगरी लोकांबद्दल (कागदपत्रांत त्यांना 'धांगर' म्हटलंय, आपले मेंढपाळ धनगर नव्हेत) तर ते माणसापेक्षा माकडाला जवळचे, असंही त्यात लिहिलंय. हे व्यापारी पत्र आहे बरं का. दर, माल, वर्णन.

जानेवारी १८३८ मध्ये 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही दोन जहाजं कलकत्त्याहून निघाली. ५ मेच्या सुमारास ३९६ जण डेमेराराला पोचले, काही वाटेतच गेले. गिरमिटियांची ही गयानातली पहिली खेप. मग तारखा शेजारी शेजारी ठेवल्या. ३० मार्चला विल्यम लंडनमध्ये मळेवाल्यांची बाजू मांडत होता, तेव्हा हे लोक समुद्रात होते. त्यातले काही जण उतरले ते व्रीड-एन-हूपवरच. तिथे त्यांना चाबकाने मारल्याच्या तक्रारी वर्षभरात लंडनपर्यंत पोचल्या आणि काही काळ ही भरतीच बंद करावी लागली. १८४० मध्ये म्हातारा मळे विकून मोकळा झाला. भरती मात्र पुन्हा सुरू होऊन १९१७ पर्यंत चालली आणि दोन लाखांवर हिंदुस्थानी एकट्या ब्रिटिश गयानात गेले.

मधली चाळीस वर्षं पळवतो, नाहीतर लेखाची कादंबरी होईल. ग्लॅडस्टनचं मतदान सरळ रेषेत कधीच जात नाही. १८४० मध्ये त्याने अफूच्या युद्धाविरुद्ध खणखणीत भाषण केलं. १८४५ मध्ये आयर्लंडच्या मेनूथ कॉलेजला अनुदान देण्यावरून मंत्रिपद सोडलं, कारण त्याच्या जुन्या पुस्तकातली मतं वेगळी होती. आणि मग त्याच अनुदानाच्या बाजूने मत दिलं! :) १८५० मध्ये गुलामांचा व्यापार हा इतिहासातला सगळ्यात घाणेरडा गुन्हा अशा अर्थाचं बोलला, आणि त्याच भाषणात तो व्यापार अडवणारं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं आरमार परत बोलवावं या प्रस्तावाला पाठिंबा दिला.

आता पासबुकाचं दुसरं पान. बापाच्या नव्हे, स्वतःच्या.

१८७७ मध्ये विरोधी बाकावर असताना ग्लॅडस्टनने लेख लिहून बजावलं होतं की इजिप्तमध्ये पाय ठेवाल तर तिथेच अडकून पडाल. १८८० मध्ये तो पुन्हा पंतप्रधान झाला, डिझरायलीच्या अफगाण युद्धावर आसूड ओढून. तोपर्यंत इजिप्त कर्जात बुडालेलं होतं आणि तिजोरीवर ब्रिटन-फ्रान्सचे हिशेबनीस बसलेले होते. कर्नल अहमद उराबीने याविरुद्ध चळवळ उभी केली. ११ जुलै १८८२ ला ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. जॉन ब्राइट या जुन्या सहकाऱ्याने मंत्रिमंडळ सोडलं. सप्टेंबरात तेल-एल-केबीरला उराबी हरला. या मोहिमेत हिंदी पलटणीही होत्या आणि खर्चाचा काही भाग हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला गेला. ब्रिटिश फौज तिथून पूर्ण निघाली ती १९५६ मध्ये.

ग्लॅडस्टन सत्तर वर्षं रोजनिशी लिहीत होता आणि मालमत्तेचा हिशेबही बारकाईने ठेवायचा. हे सगळं विसाव्या शतकात छापून निघालं आणि संपादक एच. सी. जी. मॅथ्यू यांनी आकडे पुढे आणले. डिसेंबर १८८१ मध्ये त्याच्या एकूण गुंतवणुकीतले ३७ टक्के, म्हणजे चाळीस हजार पौंडांवर, एकाच कागदात होते : इजिप्शियन ट्रिब्यूट लोन, १८७१. इजिप्त तुर्की सुलतानाला जी खंडणी द्यायचा तिच्यावर फेडलं जाणारं कर्ज. म्हणजे इजिप्त डगमगलं की कागद डगमगणार. १८८२ च्या उन्हाळ्यात भाव ५७ होता, डिसेंबरात ८२.

आता मी एक साधा डेव्हलपर. तिमाही निकाल जवळ आले की आमची ट्रेडिंग विंडो बंद होते. माझ्याकडच्या मूठभर शेअर्समुळे कुणाचं काय बिघडणार आहे? तरी मेल येतो आणि मी निमूट पाळतो. आणि तोफा डागायचा हुकूम ज्याच्या मंत्रिमंडळातून सुटतो, त्याची एक तृतीयांशाहून जास्त पुंजी त्याच देशावर लावलेली!

त्याने पैशासाठी युद्ध केलं का? तसा पुरावा मला कुठे दिसला नाही, आणि त्याचा स्वभाव पाहता मलाही ते पटत नाही. सुवेझ कालवा होता, हिंदुस्थानची वाट होती, अलेक्झांड्रियात जूनमध्ये झालेल्या दंगलीत युरोपियन मारले गेले होते. पण इजिप्तमध्ये 'सुव्यवस्था' म्हणजे कर्जाचे हप्ते वेळेवर, हे त्याला इतकं स्वाभाविक का वाटलं? मला वाटतं उत्तर १८३३ मध्येच आहे. तेव्हाही तो मळ्याकडे मालकाच्या व्हरांड्यातूनच बघत होता. लाच घेणारा माणूस निदान मनात जाणून असतो की आपण काय विकलं. याला तेही कळायचं कारण नव्हतं. फरक एवढाच की तेवीस वर्षांच्या पोराने सभागृहात आपला आर्थिक संबंध आधी सांगितला होता. ७२ वर्षांच्या पंतप्रधानाचे कर्जरोखे लोकांना कळले ते रोजनिशी छापून आल्यावर.

ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लॅडस्टन घराण्यातले काही वंशज जॉर्जटाऊनला गेले आणि गयाना विद्यापीठात त्यांनी गुलामगिरीबद्दल जाहीर माफी मागितली. तिथून डेमेरारा नदीच्या पलीकडे व्रीड-एन-हूप आहे. आता ते गाव आहे, नाव तेच.

दादाभाई पुढच्या शनिवारी. नक्की.