न छापलेल्या प्रश्नांचे वाचक

ज्या पत्रापाशी भांडवल नाही, वर्गणीदार मोजकेच आहेत, आणि ज्याच्या पाठीशी कोणी संस्थानिक वा सावकार कायमचा उभा नाही, असे लहानसे पत्र वाचक मिळवते कोठून, या प्रश्नाचा माग मराठी नियतकालिकांच्या इतिहासात काढू लागल्यास, पुण्यामुंबईच्या छापखान्यांपाशी न थांबता आपण सावित्री नदीच्या खोऱ्यात, महाड-पोलादपूरच्या मुलुखात येऊन पोचतो. रायगडाच्या वाटेवरचा कसबा म्हणून महाडची आणि महाबळेश्वरच्या घाटाचा पायथा म्हणून पोलादपूरची ख्याती आहे, आणि ती यथार्थच आहे. परंतु मोठ्या पत्रांनी ज्या विषयांकडे ढुंकून पाहिले नाही, ते विषय हेरून त्यांच्याभोवती वाचकवर्ग उभा करण्याच्या विद्येत या खोऱ्याचा केवढा वाटा आहे, हे आपल्याकडे पुरेसे सांगितले गेलेले नाही.

सावित्री आणि गांधारी यांच्या संगमाजवळ वसलेले महाड ही पूर्वापार बाजारपेठ होती. बाणकोटच्या खाडीतून गलबते दासगावापर्यंत येत, आणि वरंधा घाटाने भोरकडे, पोलादपुरावरून महाबळेश्वरकडे असा देशावरचा व्यवहार चाले. मालाच्या बरोबर माणसांचीही ये-जा असे. भाताच्या आखूड शेतीवर ज्यांचे भागत नव्हते ते मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत जात, तर महार समाजातील अनेक तरुण इंग्रजांच्या पलटणीत दाखल होत. पलटणीच्या शाळांतून शिपायांना व त्यांच्या मुलांना अक्षरओळख मिळे; डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे अशाच एका शाळेत शिक्षक होते. त्यामुळे दापोली, महाड, दासगाव या पट्ट्यात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत, पेन्शन घेऊन परतलेला आणि कागद वाचू शकणारा माणूस आढळू लागला. त्याला वाचावयास येत होते. त्याच्याविषयीचे वाचावयास मात्र काही मिळत नव्हते. वाचक आधी सिद्ध झाला आणि पत्र मागाहून आले, ही या इतिहासातील मुख्य गोष्ट आहे असे मला वाटते.

महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच पलटणीतून आलेले गृहस्थ. १८८६ साली नोकरीतून निवृत्त होऊन त्यांनी दापोलीस बिऱ्हाड केले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर संस्कार होता. ‘दीनबंधु’ या पत्रातून ते लिहू लागले. १८७७ साली पुण्यास कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले हे पत्र पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या हाती आले होते, आणि गिरणीकामगाराला आठवड्यातून एक दिवस सुटी असावी हा तत्कालीन प्रतिष्ठित पत्रांना क्षुद्र वाटणारा विषय लोखंड्यांनी लावून धरला होता. वलंगकरांनी त्याच्याही पलीकडचा विषय उचलला. विटाळ कोणी ठरवला, त्याला आधार कोणता, जनावर ज्या पाण्यावर जाते तेथे माणसाने का जाऊ नये, हे प्रश्न प्रत्येक वस्तीत रोज मनात येत असत व मनातच राहत असत. १८८८ साली विटाळाच्या विध्वंसाला वाहिलेले त्यांचे लेखन छापून निघाले, त्यात हेच प्रश्न उच्चवर्णीयांपुढे जाहीरपणे मांडलेले होते. सैन्यभरतीची दारे आपल्या समाजास बंद होत आहेत, हा दुसरा असाच अनुल्लेखित विषय. त्याबद्दल त्यांनी सरकारकडे विनंतिपत्राच्या रूपाने दाद मागितली. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा काही सभासदांना त्यांच्याबरोबर बसणे रुचले नाही आणि त्यावरून वृत्तपत्रांत वाद माजला. ज्या विषयाला कालपर्यंत कोणी स्तंभ देत नव्हते, तो विषय एका नेमणुकीने चव्हाट्यावर आला.

त्यांच्यामागून ही वाट रुळत गेली. पुण्यास शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढले, आणि मुरळी सोडण्याच्या रूढीचा विषय हाती घेतला. त्याचा परिणाम असा झाला की, जिला स्वतःच मुरळी म्हणून सोडले होते अशा एका स्त्रीने आपली कैफियत पत्ररूपाने या मासिकाकडे पाठविली आणि ती छापली गेली. विषय योग्य निवडला गेला याची याहून मोठी पावती संपादकाला कोणती मिळणार? नागपूरकडे किसन फागू बनसोडे यांनी १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’ या नावाचे पत्र चालविले.

यानंतर ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साह्य केले होते. पण पैसे देऊ केले असताही ‘केसरी’ने त्याची जाहिरात स्वीकारली नाही. पहिल्याच अंकात डॉ. आंबेडकरांनी तत्कालीन पत्रांचा धांडोळा घेऊन, ती बहुधा विशिष्ट जातींच्या हितसंबंधांपुरतीच पाहतात आणि बहिष्कृतांच्या सुखदुःखास त्यांत पुरेशी जागा नाही, असे दाखवून दिले. आपल्या पत्राचा विषय निश्चित करण्यापूर्वी इतर पत्रांत काय नाही याची अशी पाहणी करणे, ही संपादनकलेतील फार मोलाची रीत आहे, आणि ती मला त्या अंकातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, त्या वेळी सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष होते. ठराव दप्तरात होता, वहिवाट मात्र जुनीच चालू होती. कायद्याने दिलेला हक्क आणि काठावर पाऊल न टाकू शकणारा माणूस यांच्यामधील या अंतरावर कोणते पत्र लिहीत होते? १९ व २० मार्च १९२७ या दिवशी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधी शिस्तीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी आवई उठली, परतणाऱ्यांवर हल्ले झाले, आणि तळ्याचे शुद्धीकरणही उरकण्यात आले. अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल रोजी, डॉ. आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ निघाले.

महाड हा आता महाराष्ट्रभर चर्चेचा विषय झालेला होता, हे खरे. परंतु इतर पत्रांतील चर्चा दंगल कोणी केली, धर्म बुडाला की नाही, आगळीक कोणाची, एवढ्यापुरती फिरत होती. ‘बहिष्कृत भारत’ने महाडच्या धर्मसंग्रामावर अग्रलेखांची मालिकाच चालविली, आणि तिच्या सोबतीने खेडोपाडीच्या बातम्या छापल्या. पाणवठ्यावर मज्जाव, बहिष्कार, मारहाण, मामलेदार कचेरीतील व फौजदाराकडील अनुभव, असे मोठ्या पत्राच्या लेखी किरकोळ असणारे वृत्त ज्या गावात घडले त्या गावासाठी ते जगातील सर्वांत मोठे वृत्त होते. कित्येक अंकांचे चोवीस चोवीस रकाने संपादकांना एकट्यानेच लिहून काढावे लागले. विषयांचा तुटवडा नव्हता, तुटवडा लिहिणाऱ्या हातांचा व पैशाचा होता, आणि त्याच कारणाने १९२९ च्या अखेरीस पत्र थांबले.

येथे विषयांतर पत्करूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवछत्रपतींच्या हयातीतच त्यांचे संस्कृत चरित्रकाव्य रचणाऱ्या या कवीचे ‘शिवभारत’ तंजावरच्या हस्तलिखितावरून सदाशिव महादेव दिवेकर यांनी सिद्ध केले, आणि ते प्रसिद्ध झाले तेही १९२७ सालीच. घाट चढून जाणाऱ्या असंख्य प्रवाशांपैकी या समाधीपाशी थांबणारे किती विरळ! शिवकालाविषयी वाचकांची तहान एवढी मोठी असता, तिला शमविणारे साधन दीर्घकाळ हस्तलिखितातच पडून राहावे, हे लेखकवर्गाने गंभीरपणे विचारात घेण्याजोगे आहे.

महाडच्या हकिगतीत रामचंद्र बाबाजी मोरे यांचे नाव विशेष आदराने घेतले पाहिजे. महाड तालुक्यातील लाडवली येथे १९०३ साली जन्मलेल्या व दासगावात वाढलेल्या मोऱ्यांनी शिष्यवृत्ती मिळविली, तरी महाडच्या इंग्रजी शाळेत त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्याबद्दलची तक्रार वर्तमानपत्रात छापून आली, तेव्हा शाळेच्या चालकांना त्यांना घ्यावे लागले, पण बसावयाचे वेगळेच. छापील अक्षराचे बळ कोवळ्या वयात अनुभवलेला हा मुलगा १९२७ च्या परिषदेचा प्रमुख संघटक झाला, १९३० साली त्याने ‘आव्हान’ हे साप्ताहिक काढले, आणि पुढे कम्युनिस्ट चळवळीत जाऊन, वयाची साठी उलटल्यावर, १९६५ मध्ये ‘जीवनमार्ग’ सुरू केले.