रानपिंगळा: खकनारच्या शेतकडेला राहणारा दुर्मिळ पक्षी

बुऱ्हाणपूर : जिल्ह्याचं नाव निघालं की लोकांना केळी आठवते, असीरगड आठवतो, फार तर नेपानगरचा कागद. पण जगभरचे पक्षी अभ्यासक बुऱ्हाणपूरला ओळखतात ते रानपिंगळ्यामुळे. हे छोटं घुबड फक्त मध्य आणि पश्चिम भारतात सापडतं. त्याच्या मोजक्या ठिकाणांत खकनारच्या जंगलाचा समावेश आहे.

ओळख कशी पटवायची?

गावात, वडा-पिंपळावर दिसतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, तपकिरी-राखाडी. छातीवर गडद तपकिरी पट्टा, खाली पोट पांढरं, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले, आणि अंगाच्या मानाने चोच व नखं चांगलीच दणकट. लांबी साधारण 23 सेंटीमीटर. मुख्य म्हणजे हा दिवसा वावरतो. सकाळच्या उन्हात निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर शेपटी हलवत बसलेला पिंगळा दिसला, तर जरा थांबून डोकं आणि छाती नीट बघावी.

सरडे, उंदीर, बेडूक, लहान पक्षी, मोठे किडे हे त्याचं खाणं. हिवाळ्याच्या तोंडाशी जोडी जमते आणि उन्हाळ्यापर्यंत घरट्याचं काम चालतं. घरटं म्हणजे जुन्या झाडाची ढोली. अंडी बहुधा दोन. मादी ढोलीत बसते तेव्हा नर तिला शिकार आणून देतो.

113 वर्षं बेपत्ता

ह्यूम यांनी 1873 मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पक्षी मिळवून देणाऱ्या ब्लेविट यांचं नाव त्याला मिळालं. 1884 मध्ये खानदेशात शहाद्याजवळ एक नमुना गोळा झाला आणि पुढे काहीच पत्ता नाही. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांनीही शोधून पाहिलं. मधल्या काळात मायनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1914 मध्ये गुजरातेत मांडवीजवळ हा पक्षी मिळाल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात त्याने लंडनच्या संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. त्या थापेपायी लोक भलत्याच ठिकाणी हिंडले.

पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली. खोट्या नोंदी बाजूला ठेवून त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट खऱ्या जुन्या ठिकाणी गेले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात पक्षी समोर बसलेला सापडला! नंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट, खकनार आणि खंडव्याकडच्या जंगलात नोंदी झाल्या. 2014 मध्ये तर तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला. सगळ्यांत मोठी संख्या मेळघाटात आहे.

2018 मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याचा दर्जा 'अति संकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' असा बदलला. त्याला कारण नव्या जागा सापडल्या हे. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज आजही हजाराच्या आतच आहे.

जंगल हवं, पण विरळ

इथेच बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. रानपिंगळ्याला घनदाट अरण्य लागत नाही. विरळ सागवन, मधे मोकळी जागा, कडेला शेत, असं रान त्याला मानवतं. मोकळ्या जमिनीवर सरडा-उंदीर दिसतो, म्हणून शिकार सोपी. कोरकूंची जुनी शेतं आणि गुरचराई यांच्या शेजारी तो राहत आला आहे. त्यामुळे माणूस हटवला की पक्षी वाचला, असं सरळ गणित इथे नाही.

त्याला अडतं ते जुन्या झाडांवाचून. ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं, आणि सरसकट तोड झाली की आधी तेच जातं. 2022-23 मध्ये नेपानगर भागात घाघरला, नावरा परिसरात नवाडासाठी, म्हणजे जंगल साफ करून नवी शेती काढण्यासाठी, मोठी तोड झाली. या तोडीविरुद्ध स्थानिक आदिवासीच रस्त्यावर आले, जागृत आदिवासी दलित संघटनेने आंदोलन केलं, हे ध्यानात ठेवायला हवं. वनाधिकार कायद्यात 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा ग्राह्य धरला जातो. कालपरवा तोडलेलं रान त्यात बसत नाही. जुना कसणारा आणि नवा तोडणारा यांना एकाच मापाने मोजलं, तर जंगलाची राखण करणारे हातच दुरावतात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. केळीपट्ट्यात विहिरी-बोअर खोल गेल्यात, म्हणून तापी पुनर्भरण योजनेची वाट रावेर-यावलपासून बुऱ्हाणपूरपर्यंत सगळेच बघतात. 10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये दोन्ही राज्यांनी करारावर सह्या केल्या. योजनेतला खारिया गुटीघाटचा बंधारा खंडवा-अमरावती सीमेवर आहे. हा पट्टा रानपिंगळ्याच्या मुलखातला. पाणी हवंच, पण बुडणाऱ्या जंगलात ढोलीची झाडं किती, याची मोजणी काम सुरू होण्याआधी व्हायला पाहिजे.

शेतकऱ्याने काय करावं?

बांधावरचं पोकळ, अर्धवट वाळलेलं झाड 'कामाचं नाही' म्हणून तोडू नये. हा पिंगळा उंदीर फस्त करतो. उंदरांसाठी विषारी औषध उघड्यावर टाकलं, तर विष खाल्लेला उंदीर त्याच्याही पोटात जाऊ शकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोह वेचण्यासाठी पाला जाळतात, तेव्हा ढोलीच्या झाडाभोवतीचा पाला आधी हाताने ओढून घ्यावा.

पक्षी दिसला तर वन विभागाला जरूर कळवावं, फोटो काढावा, पण घरट्याची जागा मोबाइलवर पसरवू नये. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडांची चोरटी विक्री वाढते. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं, मारणं किंवा विकणं यासाठी 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते, मग गुन्हा खकनारला घडो की धारणीला.