बेवारस कोण?

डॉक्टरी शिकायची तर मढं फाडावंच लागतं. त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न एवढाच, की मढं कुणाचं?

इंग्लंडचा इतिहास बघा. 1752 च्या कायद्याने तिथं फाशी गेलेल्या खुन्याला पुरायची बंदी होती. प्रेत चिरफाडीला द्यायचं, नाहीतर साखळदंडात टांगायचं. म्हणजे चिरफाड ही शिक्षा होती, मरणावर आणखी एक. पण वैद्यकीच्या शाळा वाढल्या, फाशीची प्रेतं पुरेनात. मग रातोरात कबरी उकरून मढी विकणारे निघाले. पैसेवाल्यांनी कबरीवर लोखंडी पिंजरे बसवले. गरिबाच्या कबरीवर पहारा कोण ठेवणार?

1828 साली एडिंबरोत बर्क आणि हेअर यांनी उकरायची तसदीही घेतली नाही. 16 माणसं मारून डॉ. नॉक्सला विकली. मेलेली बहुतेक गोरगरीबच. बर्क 1829 साली फासावर गेला. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. नॉक्सवर खटलाच झाला नाही.

1832 साली पार्लमेंटने अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट केला. खुन्याची चिरफाड बंद झाली. प्रेत ज्याच्या कायदेशीर ताब्यात, त्याने ते द्यावं. जवळच्या नातलगाची हरकत नसली म्हणजे झालं. गरीबखान्यातलं मढं कुणाच्या ताब्यात? गरीबखान्याच्या अधिकाऱ्याच्या! काल खुन्याला होती ती शिक्षा आज गरिबाच्या वाट्याला आली. गुन्हा काय? तर पुरायला पैसे नाहीत. त्याच साली वारलेल्या जेरेमी बेंथमने आपला देह मृत्युपत्राने चिरफाडीला दिला होता. त्याच्या बरोबरीच्या फार थोड्यांनी तो कित्ता गिरवला.

आपल्याकडचा मुंबई अ‍ॅनाटॉमी कायदा 1949 चा, स्वातंत्र्यानंतरचा. इस्पितळात, तुरुंगात, सार्वजनिक जागी मेलेल्याचं प्रेत ठरल्या मुदतीत नातलगांनी नेलं नाही तर ते बेवारस. ते वैद्यकीय महाविद्यालयाला देता येतं. पुढे त्यात देहदानाचीही सोय झाली. 1995 साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माणसाची प्रतिष्ठा त्याच्या प्रेतालाही लागू आहे.

पण बेवारस म्हणजे ज्याला कुणीच नाही तोच, असं नव्हे. गावी निरोप पोचला नाही, एस.टी.ला पैसे नव्हते, दवाखान्याचा कागद वाचता आला नाही, तरी माणूस बेवारस ठरतो.

म्हणून मित्रांनो, वस्तीतलं कुणी सरकारी दवाखान्यात वारलं तर आधी घरी निरोप पोचवा. नातलगाला घेऊन जा. मुदत किती, ते लेखी मागा. आणि देह द्यायचाच तर जिवंतपणी, स्वतःच्या सहीने द्या. त्यालाच दान म्हणायचं.