शिंक थांबली, डोळा लागला

अंगावर गांधी उठल्या की आपण ‘पित्त उठले’ म्हणतो आणि आमसूल चोळतो. या उठण्यामागे बहुधा हिस्टामीन नावाचे द्रव्य असते. ते बाहेरून येत नाही. आपल्याच पेशींत साठलेले असते आणि एखादी गोष्ट सोसली नाही की बाहेर पडते.

त्याला आवर घालणारे पहिले द्रव्य १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हाती लागले. त्याला धड नावही नव्हते. ‘९२९ एफ’ हा नुसता क्रमांक. एफ म्हणजे तेथील रसायनज्ञ फूर्नो. हिस्टामीनच्या ज्या मात्रेने गिनिपिग हटकून मरावे, ती टोचूनही हे द्रव्य दिलेली जनावरे जगली. दानिएल बोव्हे आणि आन-मारी स्टॉब यांचे हे काम. पुढे १९५७ चे नोबेल पारितोषिक एकट्या बोव्हे यांना मिळाले. त्यात त्यांचे इतर संशोधनही जमेस होते, हे खरे. तरी सोबत राबणाऱ्याचे नाव मागे पडते, याचे आम्हा युनियनवाल्यांना नवल नाही.

९२९ एफ माणसाला देण्याजोगे नव्हते, फार विषारी. फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली असताना, १९४२ साली, हाल्पर्न यांनी ‘अँटर्गन’ पुढे आणले. हे रुग्णांना देता आले. दोन वर्षांनी बोव्हे आणि सहकाऱ्यांचे ‘निओ-अँटर्गन’, म्हणजेच मेपिरामीन, आले. गांधी, शिंका, नाकाचे पाणी यांवर गुण येई. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरावी, तसे हे औषध हिस्टामीनची जागा आधीच अडवते.

पण हेच हिस्टामीन मेंदूत आपल्याला जागे ठेवते. या जुन्या औषधांनी तिथलीही जागा अडवली, आणि रोगी पेंगू लागले. शस्त्रवैद्य लाबोरी यांना ही गुंगी उपयोगी वाटली. त्या वाटेने क्लोरप्रोमाझीन निघाले, आणि १९५२ पासून मनोरुग्णांच्या उपचारांत मोठा पालट झाला.

इस्पितळातली गुंगी निराळी, प्रेसयंत्रापुढची निराळी. मेंदूत फारशा न शिरणाऱ्या गोळ्या आता मिळतात. पण सर्दीच्या स्वस्त मिश्रणांत जुन्याच जातीचे क्लोरफेनिरामीन असते. रात्रपाळीचा माणूस तेच घेतो आणि कामावर उभा राहतो. बोट गेले की अपघाताच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहून वरचे मोकळे होतात. त्याने सर्दीवर काय घेतले होते, हा रकाना त्या कागदात मी अजून पाहिलेला नाही.