स्मृती मानधना

स्मृती श्रीनिवास मानधना (जन्म : १८ जुलै १९९६, मुंबई) या भारतीय महिला क्रिकेट संघाच्या डावखुऱ्या सलामीच्या फलंदाज आहेत. सांगलीजवळील माधवनगर येथे त्यांचे बालपण गेले. आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या कसोटी, एकदिवसीय आणि टी-२० या तिन्ही प्रकारांत शतक झळकावणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. २०२५ चा एकदिवसीय विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या त्या उपकर्णधार होत्या. भारतात महिला क्रिकेट हे उपजीविकेचे साधन होण्याचा काळ आणि त्यांच्या कारकिर्दीचा काळ जवळजवळ एकच आहे.

पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या सांगली, मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात कुस्ती आणि कबड्डीची परंपरा जुनी आहे. क्रिकेटपटू विजय हजारे आणि बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांचा जन्मही सांगलीचाच. मानधना कुटुंब मूळचे मारवाडी असून स्मृती दोन वर्षांच्या असताना ते माधवनगरला स्थायिक झाले. वडील श्रीनिवास आणि भाऊ श्रवण हे दोघेही सांगली जिल्ह्याच्या संघाकडून क्रिकेट खेळले होते. भावाचा खेळ पाहून स्मृती क्रिकेटकडे वळल्या. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात त्यांची निवड झाली.

ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदरा येथे पश्चिम विभागाच्या १९ वर्षांखालील स्पर्धेत गुजरातविरुद्ध त्यांनी १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. मर्यादित षटकांच्या सामन्यात द्विशतक करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

एप्रिल २०१३ मध्ये बांगलादेशविरुद्ध त्यांनी टी-२० आणि एकदिवसीय सामन्यांत पदार्पण केले. ऑगस्ट २०१४ मध्ये वर्म्सली येथे इंग्लंडविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत त्यांनी दुसऱ्या डावात अर्धशतक केले व भारताने तो सामना जिंकला. २०१६ मध्ये होबार्ट येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेल्या १०२ धावा हे त्यांचे पहिले आंतरराष्ट्रीय शतक होय.

२०१७ च्या विश्वचषकात त्यांनी इंग्लंडविरुद्ध ९० आणि वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. अंतिम सामन्यात भारताचा ९ धावांनी पराभव झाला. मात्र या स्पर्धेमुळे महिला क्रिकेटला देशात मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला. मार्च २०१९ मध्ये गुवाहाटी येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी भारताच्या टी-२० संघाचे प्रथमच नेतृत्व केले. २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत रौप्यपदक आणि २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघांत त्यांचा समावेश होता.

जून २०२४ मध्ये चेन्नई येथील कसोटीत त्यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४९ धावा करून शफाली वर्मासह २९२ धावांची सलामी दिली. जून २०२५ मध्ये नॉटिंगहॅम येथे इंग्लंडविरुद्ध ६२ चेंडूंत ११२ धावा करून त्यांनी तिन्ही प्रकारांतील शतके पूर्ण केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी अवघ्या ५० चेंडूंत शतक पूर्ण केले, तरी ४१३ धावांचे लक्ष्य गाठताना भारत ४३ धावांनी कमी पडला.

२०२५ च्या विश्वचषकात मानधना यांनी ४३४ धावा केल्या. महिला विश्वचषकाच्या एका स्पर्धेत कोणत्याही भारतीय फलंदाजाने केलेल्या या सर्वाधिक धावा होत. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबई येथील अंतिम सामन्यात त्यांनी ४५ धावा केल्या. भारताने दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय मिळवून प्रथमच हा चषक जिंकला.

ऑस्ट्रेलियातील कारकीर्द

भारतात महिलांची व्यावसायिक लीग सुरू होण्यापूर्वी मानधना यांना ही संधी ऑस्ट्रेलियात मिळाली. २०१६ मध्ये महिला बिग बॅश लीगच्या ब्रिस्बेन हीट संघाने त्यांना करारबद्ध केले. त्या आणि हरमनप्रीत कौर या लीगशी करारबद्ध झालेल्या पहिल्या दोन भारतीय खेळाडू होत. पहिला हंगाम मात्र निराशाजनक ठरला. १२ डावांत ८९ धावा झाल्या आणि जानेवारी २०१७ मध्ये मेलबर्न रेनेगेड्सविरुद्ध गुडघ्याला गंभीर दुखापत झाल्याने त्यांना हंगाम अर्धवट सोडावा लागला. काही महिन्यांच्या उपचारांनंतर त्या थेट विश्वचषकात उतरल्या.

पुढे त्या होबार्ट हरिकेन्स, सिडनी थंडर आणि अॅडलेड स्ट्रायकर्स या संघांकडून खेळल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये सिडनी थंडरकडून त्यांनी ६४ चेंडूंत नाबाद ११४ धावा केल्या. या लीगमधील भारतीय खेळाडूचे ते पहिले शतक होते.

त्यापूर्वी काही आठवडे गोल्ड कोस्ट येथील करारा मैदानावर भारतीय महिला संघाच्या पहिल्या प्रकाशझोतातील कसोटीत त्यांनी १२७ धावा केल्या. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील गोल्ड कोस्ट सन्स संघाचे हे घरचे मैदान आहे. ऑस्ट्रेलियात त्या फुटबॉलची महिला लीगही २०१७ मध्येच सुरू झाली.

महिला प्रीमियर लीग

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत झालेल्या महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात सर्वप्रथम मानधना यांचेच नाव पुकारले गेले. रॉयल चॅलेंजर्स बंगळूरने ३ कोटी ४० लाख रुपयांना त्यांना संघात घेतले. त्या लिलावातील ही सर्वोच्च बोली होती. कर्णधार म्हणून पहिल्या हंगामात त्यांच्या संघाला आठपैकी दोनच सामने जिंकता आले. पुढील वर्षी, मार्च २०२४ मध्ये, याच संघाने दिल्ली कॅपिटल्सला पराभूत करून विजेतेपद पटकावले.

बदलती आर्थिक स्थिती

महिला क्रिकेटचा कारभार २००६ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आला. महिला खेळाडूंना वार्षिक करार मिळू लागले ते २०१५ मध्ये. तेव्हा सर्वोच्च श्रेणीची रक्कम १५ लाख रुपये होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने पुरुष आणि महिला खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान केले. वार्षिक करारांतील तफावत मात्र कायम राहिली. २०२४-२५ मध्ये मानधना यांचा समावेश असलेल्या महिलांच्या सर्वोच्च श्रेणीला ५० लाख, तर पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला ७ कोटी रुपये होते.

पुरस्कार

मानधना यांना २०१८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०१८ आणि २०२१ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट महिला क्रिकेटपटूसाठीचा रेचेल हेहो फ्लिंट पुरस्कार त्यांना दिला. २०१८ आणि २०२४ मध्ये त्या वर्षातील सर्वोत्कृष्ट एकदिवसीय महिला क्रिकेटपटूही ठरल्या.