कऱ्हेकाठची राख

बारामती व इंदापूर ह्या मुलखाचा इतिहास म्हटला म्हणजे वाचकांस भोसल्यांची जहागीर आठवते. फार तर कविवर्य मोरोपंतांचे बारामतीतील वास्तव्य आठवते. बखरी, सनदा व पोथ्या ही त्या इतिहासाची साधने होत. परंतु ह्याच मुलखातील एक साधन वाचावयास मोडीचे ज्ञान उपयोगी पडत नाही. बारामती तालुक्यातील मोरगाव हे मयूरेश्वराचे क्षेत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथे कऱ्हेकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत. कऱ्हा पुढे बारामतीवरून सोनगावाजवळ नीरेस मिळते, आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकास नरसिंहपुरी भीमेस. ह्या नद्यांच्या काठी मनुष्य केव्हापासून नांदतो, ह्या प्रश्नाचा निकाल पुष्कळ अंशी त्या राखेच्या वयावर अवलंबून आहे.

आपला सर्व प्रदेशच लाव्हारसाने घडलेला, तेव्हा ही राखही येथलीच असेल, असे कोणासही वाटेल. पण दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा व लोहयुक्त आहे. राखेत मात्र वाळूच्या द्रव्याने समृद्ध अशा काचेचे सूक्ष्म कण आहेत. त्यांची घटना जुळते ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीशी. म्हणजे सुमारे ३,००० किलोमीटरांवरून वाऱ्याने ही धूळ आणली, पावसाने ती उतारांवरून धुऊन सखल जागी साठविली, आणि नदीने तिच्यावर गाळाचे पांघरूण घातले.

परंतु टोबाचे मोठे स्फोट एकाहून अधिक झाले. शेवटचा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला. त्याच्या खळग्यात आज सुमारे १०० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. मोरगावची राख कोणत्या स्फोटाची? जुन्नरकडील कुकडीकाठी बोरी येथेही अशीच राख आहे. १९८९ साली तिचे वय सुमारे १४ लक्ष वर्षे सांगण्यात आले. १९९८ साली काही संशोधकांनी रासायनिक पुराव्यावरून भारतातील सर्व टोबा-राख शेवटच्या स्फोटाचीच ठरविली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शीला मिश्रा व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या मताविरुद्ध पुरावा मांडला. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव सुमारे ७.८ लक्ष वर्षांपूर्वी उलटले. गाळाचे कण जमताना तत्कालीन चुंबकाची दिशा धरून ठेवतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत बोरी व मोरगाव येथील थरांत ती दिशा उलटी आढळली. २०१४ साली बोरीच्या राखेतील अभ्रकाच्या परीक्षणानेही तिचा संबंध जुन्या स्फोटाशीच जोडला.

हा वाद केवळ आकड्यांचा नव्हे. मोरगावी राखेच्या सान्निध्यात दगडी हातकुऱ्हाडी मिळतात. राख शेवटच्या स्फोटाची मानली, तर त्या हत्यारांचे कर्ते भूशास्त्राच्या हिशेबाने काल-परवाचे ठरतात. जुनी मानली, तर कऱ्हेकाठची वस्ती ह्या देशातील अतिप्राचीन वस्त्यांत बसते. शिवाय, शेवटच्या स्फोटाने सूर्यप्रकाश रोखून मानवजात नष्टप्राय केली, असा एक प्रसिद्ध तर्क आहे. त्यास आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथील शोधाने बाध आणला: तेथे राखेखाली व राखेवर सारख्याच धाटणीची हत्यारे मिळाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. संकट आले खरे, तथापि माणसे टिकली, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. मोरगावची राख जुनी असेल, तर तिला ह्या प्रकरणात साक्षीस ओढणेच गैर होय.

आमच्या मते बोरी व मोरगावपुरते पारडे जुन्या स्फोटाकडे झुकते. कारण परस्परांहून भिन्न अशा दोन पद्धती एकाच दिशेस बोट दाखवितात. उद्या नवी साधने हा निर्णय फिरवतीलही. मात्र त्यासाठी थर जागेवर राहिले पाहिजेत. पोथी जळाली तर तिची दुसरी प्रत कोठे सापडण्याची आशा असते. नदीची दरड ढासळली, किंवा शेत सपाट करण्यासाठी माती ओढली गेली, तर हरवलेल्या थराची नक्कल कोठेही मिळत नाही. मोरगावी दर्शनास जाणाऱ्यांपैकी काहींनी नदीचा काठही पाहावा, आणि त्या राखेस देवळाच्या शिलालेखाइतकाच मान द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.